शिंग खाली ठेवता येत नाही

येडशीला अकबरच्या गॅरेजमागं जुन्या टायरांचा एक ढीग आहे. ते टायर कुणी विकत घेत नाही, कुणी फेकतही नाही. ढीग मात्र दर महिन्याला थोडा उंच होतो. आमच्या जॉर्जियाच्या किस्स्यांचं तसंच झालंय. रविवारी सकाळी आम्ही चौघं त्या ढिगावर बसतो, चहा येतो, आणि कुणीतरी म्हणतं, "झाझाच्या घरी त्या दिवशी..." झालं! मूळ प्रवास पंधरा दिवसांचा होता. सांगून सांगून आता तो दीड महिन्याचा झालाय.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. अकबर गॅरेजचा मालक. इंजिनचा आवाज ऐकून रोग सांगतो. संतोष ढोकीचा. ऊस, दोन ट्रॅक्टर आणि नाना नावाचे वडील, असा त्याचा पसारा. सर धाराशिवच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. त्यांना सगळेच 'सर' म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. आणि मी सिद्धार्थ. जर्मनीत पाण्याचं इंजिनिअरिंग शिकलो आणि परत आलो, कारण आपल्या भागाचं पाणी आपणच अडवायचं, असं मला तिथल्या लायब्ररीत बसून फार वाटायचं. दर दहा मिनिटांनी मी भाषण करतो, म्हणून हे लोक मला 'जर्मनी' म्हणतात. "जर्मनी, ब्रेक मार!" असं अकबर ओरडला की मी थांबतो.

*

जॉर्जियाचं खूळ माझंच. शिकत असताना मी सुट्टीत अनोळखी लोकांच्या घरी राहून फिरायचो. अशा लोकांची एक वेबसाइट असते. आपण लिहायचं, 'येऊ का?' त्यांनी लिहायचं, 'या.' सोफ्यावर झोपायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, निघताना मिठी मारायची. हॉटेलचा प्रश्नच मिटला! गाडी तेवढी भाड्यानं घ्यायची. हे मी गॅरेजवर सांगितलं आणि माझं नेहमीचं सुरू झालं. माणसाला माणसासाठी दार उघडायला ओळख कशाला लागते? आपण कधी शिकणार? वगैरे.

"ते समदं ठीक हाय," संतोष म्हणाला, "पन नानांना कोन सांगनार?"

इथं नानांच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. संतोष आणि मी पाचवीपासून एका बाकावर. त्याच्या घरी मी शेकडो वेळा गेलोय. बसायला खुर्ची मिळते, नाना आपुलकीनं चौकशी करतात, आणि मग चहा येतो. सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात.

लहानपणी माझ्यासाठी स्टीलचा एक वेगळा ग्लास होता, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. परदेशात शिकून आल्यावर त्याची जागा कागदी कपानं घेतली. प्रगतीच म्हणायची! एकदा मी कपाकडं बघतोय हे नानांच्या लक्षात आलं. "इन्फेक्शनचं लई वाढलंय बघ," ते म्हणाले. खरंय. आमच्या घराण्यात ते इन्फेक्शन फार जुनं आहे. आजोबांनी धम्म घेतला, त्याच्याही आधीपासूनचं.

आणि गॅरेजवर समतेवर अर्धा तास बोलणारा मी काय करायचो? मुकाट चहा प्यायचो, कप चुरगाळायचो, आणि स्वतःच्या हातानं बाहेर नेऊन टाकायचो. संतोष त्या वेळी मोबाइल बघायचा. बरोबर तेवढाच वेळ.

तर नानांनी वेबसाइटची माहिती नीट ऐकून घेतली.

"वळखीचे हायेत का लोक?"

"नाहीत, नाना."

"मग ठिवून घेत्यात कशी? कायबी न इचारता?"

"काय विचारायचं?"

"आता हेच की... कोन, कुठले, कुनातले..."

"नाही विचारत."

नानांनी मान हलवली. म्हणाले, "चोऱ्या लई हुत असतील."

*

सरांनी एकच अट घातली. "आपण लोकांच्या घरी राहणार. यजमानाचा सत्कार झाला पाहिजे."

आमच्या जिल्ह्यात सत्कार म्हणजे टॉवेल, टोपी, नारळ. निवडून आला तर टॉवेल-टोपी, बदली झाली तर टॉवेल-टोपी, मुलगी बारावी पास झाली तर तिच्या बापाला टॉवेल-टोपी. सरांनी धाराशिवच्या बाजारातून यजमानांच्या हिशेबानं सगळं घेतलं, दोन नग जास्तच. विमानतळावर काट्यावर बॅगा चढल्या आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वजन कमी करा." टॉवेल-टोपीला वजन नव्हतं. नारळ गेले. अकबरनं बाहेर फुटपाथवर एकेक नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. सुरक्षा रक्षकांनीही हात पुढं केले. एक बाई तर विचारत होती, "कुठल्या देवीचा?"

पहिला मुक्काम झाझाच्या घरी. झाझा म्हणजे पूर्वेकडच्या एका डोंगराळ गावातला द्राक्षवाला शेतकरी. दरवाज्यासारखे खांदे. तरुणपणी जहाजावर होता, त्यामुळं मोडकी इंग्रजी येते. आम्ही उतरलो, त्यानं चौघांना एकदम कवेत घेतलं, आणि सर माझ्या कानात म्हणाले, "नारळाचं काय?"

"सोडा सर."

"नारळाशिवाय सत्कार अपूर्ण राहतो." असं म्हणून सर परसात गेले आणि भाजीच्या वाफ्यातून एक गोल, घट्ट कोबी उपटून आले. मग झाझाला खुर्चीवर बसवलं. सरांनी प्रास्ताविक केलं. मी भाषांतर करत होतो. सरांनी द्राक्षशेतीचा इतिहास घेतला, सहकाराची चळवळ घेतली, दोन देशांचे संबंध घेतले. शेवटी टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर आणि कोबी हातात.

झाझा कोबीकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. "किती देश फिरलो," तो म्हणाला, "पण पाहुण्यानं माझ्याच वाफ्यातला कोबी मला अर्पण केला, असं कुठं झालं नाही. यात काहीतरी फार खोल आहे!"

सर म्हणाले, "आहेच."

टोपी त्यानं काढलीच नाही. सकाळी डुकरांना खायला घालायला गेला तोही टोपी घालूनच.

*

झाझाच्या पुतण्यानं आम्हाला स्वस्तात एक जुनी जपानी गाडी भाड्यानं दिली. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आणि या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडंच. म्हणजे अकबरला रस्त्याकडेचं गवत स्पष्ट दिसायचं, समोरून येणारा ट्रक दिसायचा नाही. ओव्हरटेक करायचं तर डावीकडं बसलेल्यानं बघून सांगायचं. ट्रकवर क्लीनर असतो ना, ते काम.

डावीकडं सर बसले होते.

घाटात पुढं गवताची एक गाडी लागली. अकबरनं विचारलं, "सर, देखो, खाली है क्या?"

सरांनी मान बाहेर काढली, चष्मा नीट केला. "अकबरभाई, समोरून एक वाहन येण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही. मात्र त्याच्या वेगाबद्दल आत्ताच काही निश्चित विधान करणं..."

वाहन आलं. त्याच्या हॉर्ननं आमच्या काचा थरथरल्या. अकबरनं गाडी कशी आत घेतली ते त्यालाच माहीत. थांबवून खाली उतरला, कपाळ पुसलं.

"सर! हौ बोलो, या नक्को बोलो! बीच का कुछ नै!"

तिथून पुढं क्लीनर मी झालो. मागच्या सीटवरून थोड्या वेळानं सरांचा आवाज आला, "लोकशाहीत मधलं काहीतरी असावंच लागतं."

पुढं एका पुलावर सात-आठ गाई बसल्या होत्या, मधोमध, रवंथ करत. सगळे ड्रायव्हर वैतागलेले. अकबरच्या चेहऱ्यावर मात्र आल्यापासून पहिल्यांदा समाधान पसरलं. "अब आया अपना रोड," म्हणाला, आणि हॉर्न न वाजवता गाडी त्यांच्यातून अशी काढली की एक गाय उठलीसुद्धा नाही.

*

जेवणाचा किस्सा सांगितल्याशिवाय सर आम्हाला ढिगावरून उठू देत नाहीत, कारण त्यात त्यांचा विजय झाला असं त्यांना वाटतं.

आपल्याकडं पोट भरलं की माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरतो. नको म्हणजे नको. झाझाची म्हातारी आई वाढत होती. चीज भरलेली जाडजूड भाकरी, चुलीवरून थेट. सरांनी तीन खाल्ल्या आणि ताटावर हात आडवे धरले. म्हातारीला ही काय पद्धत आहे ते कळेना. तिनं क्षणभर विचार केला आणि चौथी भाकरी सरांच्या हातांवर ठेवली.

सर तसेच बसले. भाकरी वाफाळतेय, सरांचे डोळे पाणावलेत, हात हलत नाहीत.

"सर, ताटात ठिवा की!" संतोष ओरडला.

"ताटात ठेवली," सर दात आवळून म्हणाले, "तर वाढून घेतल्यासारखं होईल."

याच्या बरोबर उलटं झालं राजधानीत. तिथं आम्हाला ठेवून घेणारी एक चित्रकार बाई होती, मोठी प्रेमळ. आम्ही दुपारी पोचलो. सकाळपासून पोटात काही नाही. टेबलावर सूप, भात, मासे. तिनं विचारलं, "जेवणार?"

संतोष आपल्या संस्कारांप्रमाणं म्हणाला, "नको नको, आत्ताच झालं."

"बरं," असं म्हणून तिनं सगळं उचललं आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

चौघं फ्रिजच्या दाराकडं बघत होतो. मग "गाडीतून काहीतरी आणायचंय" असं सांगून बाहेर पडलो, डिकी उघडली, आणि काकूंनी, म्हणजे संतोषच्या आईनं, बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उभ्याउभ्या खाल्ली. संतोष भयंकर दुखावला होता.

"एकदाच इचारलं रे तिनं! एकदा इचारन्याला काय इचारनं म्हनत्यात का?"

*

अकराव्या दिवशी डोंगरावरच्या एका जुन्या चर्चपाशी मागून आवाज आला, "अय्या, मराठी!"

एका टूर कंपनीबरोबर आलेले काका-काकू. सर इतके हरखले की बॅगेतून टोपीच काढायला लागले. काकूंनी पिशवीतून मोठा डबा बाहेर काढला. "चकली खाणार ना? घरची आहे." अकरा दिवसांनी चकली! अकबरनं हात पँटला पुसून पुढं केला.

काका माझ्याकडं वळले. "छान, छान. धाराशिवचे का? आडनाव काय आपलं?"

मी सांगितलं.

"अच्छा. म्हणजे... तुमच्यात ते... म्हणजे नक्की..."

"बौद्ध," मी म्हणालो.

"हो हो, अगदीच! आम्ही नाही मानत तसलं काही," काका म्हणाले. आणि काकूंना एकदम आठवलं की त्यांची बस सुटणार आहे. डबा परत पिशवीत गेला. झाकण उघडलंच नव्हतं.

अकरा दिवसांत सहा घरांत झोपलो होतो. कुठल्या देशाचे, लग्न झालंय का, चीज आवडतं का, सगळं विचारलं गेलं होतं. हा प्रश्न मात्र आपल्या माणसानं विचारला, विमानानं एवढ्या लांब येऊन!

संतोष पेटला. "आसं कसं रे? डबा आत टाकला! आपल्यासमोर! ह्या लोकांना लाज कशी वाटत न्हाई?"

मी म्हणालो, "इन्फेक्शनचं फार वाढलंय."

संतोषचा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला. मग तिथंच थांबला. उतारावरून गाडीपर्यंत तो काही बोलला नाही, आणि संतोष गप्प बसला तर अकबर इंजिन तपासतो, इतकं ते दुर्मीळ आहे.

*

शेवटचा मुक्काम पुन्हा झाझाकडं. अंगणात टेबल मांडलं होतं, आणि झाझानं भिंतीवरून एक शिंग काढलं. डोंगरी बोकडाचं, चांगलं हातभर, तोंडाला चांदीची कड. तिकडं मेजवानीत शिंगातून पितात. त्यानं ते द्राक्षाच्या रसानं भरलं, कारण सर आणि अकबर दारू पीत नाहीत, आणि नियम सांगितला.

"याला बूड नाही. खाली ठेवता येत नाही. ठेवलं की सांडतं. एकानं घोट घ्यायचा आणि उजवीकडच्याला द्यायचं. मागं द्यायचं नाही, कुणाला टाळायचं नाही. रिकामं होईपर्यंत ते कुणाच्या तरी हातातच असलं पाहिजे."

झाझा प्यायला, त्याची आई प्यायली, अकबर, सर, मी. माझ्या उजवीकडं संतोष होता. त्यानं शिंग घेतलं, घोट घेतला, पण पुढं दिलं नाही. उभा राहिला.

"झाझा, तू ढोकीला यायचं. माझ्या घरी. हे शिंग घिऊन. ह्यो सिध्या पिनार, आन् मग आमचे नाना पिनार. ह्याच शिंगानं. म्या शब्द देतो." माझ्याकडं न बघता म्हणाला, "जर्मनी, सांग त्याला."

आयुष्यात पहिल्यांदा भाषांतर करताना माझी जीभ अडखळली. मी एवढंच सांगितलं की, संतोष घरी बोलावतोय, शिंग घेऊन ये.

"येणार!" झाझा ओरडला.

असं सगळेच म्हणतात. आम्ही निश्चिंत मनानं परत आलो.

*

जानेवारीत झाझाचा मेसेज आला, 'तिकीट काढलं.'

संतोषला घाम फुटला. नानांना त्यानं पाहुणा येणार एवढंच सांगितलं, शब्दाचं काही सांगितलं नाही. नाना तर हवेत! आठ दिवसांत कमोड बसला, भिंतींना रंग लागला, ढोकीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर नाना ट्रॅक्टरएवढे, झाझा पासपोर्टच्या फोटोएवढा. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत संतोष, सर, अकबर, नानांच्या मेव्हण्याचा जावई. माझा फोटो नव्हता.

"जागा पुरली न्हाई बघ," नाना म्हणाले. "पन तू यायचंस हां. त्यांच्याशी बोलनार कोन?"

काकू आतून विचारत होत्या, "अवं, पन ते पाव्हने हायेत कोन? कुनातले?"

"फॉरेनर हायेत गं. त्यास्नी नसती."

"डुकरं पाळत्यात ते, नाना," संतोषनं मुद्दाम सांगितलं. "खात्यात बी."

"पाळू दे की. फॉरेनचं डुक्कर सोच्छ असतं!"

झाझा धाराशिव स्टेशनवर उतरला तो सरांनी दिलेली टोपी घालूनच. हलगी वाजत होती. नानांनी त्याला सत्काराची आणखी एक टोपी घातली, पहिलीवरच. मग त्याला घरभर फिरवलं. देवघर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं. झाझानं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला आणि काकूंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना शाबासकी दिली. एवढी वर्षं या घरात येऊन ते स्वयंपाकघर मी अजून पाहिलेलं नाही. कसं आहे ते त्या दिवशी झाझानं मला सांगितलं. खिडकी पूर्वेला आहे म्हणे.

*

मग चहा आला. ट्रेमध्ये नव्या कोऱ्या कपबश्या, सोनेरी कडेच्या. आणि एक कागदी कप.

काकूंनी सगळ्यांना कपबश्या दिल्या, मला कागदी कप दिला. नेहमीसारखा. संतोष मोबाइल बघायला लागला. नेहमीसारखा.

झाझानं मात्र बघितलं. एकदा कपाकडं, एकदा माझ्याकडं, एकदा नानांकडं. मग त्याचा चेहरा उजळला. मला कोपरानं ढोसून म्हणाला, "समजलं! आमच्याकडंही असंच असतं. सगळ्यांना सारखे पेले, आणि ज्याचा मान सर्वांत मोठा त्याला वेगळा! विचार त्यांना, बरोबर ना?"

खोलीत दहा-बारा माणसं होती. सर खोकले. मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द. आयुष्यातलं माझं सर्वांत प्रामाणिक भाषांतर.

"नाना, ते विचारतायत, हा वेगळा कप मला मान म्हणून दिलाय का?"

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग झाझाकडं बघून हसले. "व्हय, व्हय. मानच हाय त्याचा."

झाझा उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला! पाहुणा टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर सगळ्यांनीच वाजवल्या. सरपंचांनी वाजवल्या, नानांच्या मेव्हण्याच्या जावयानं वाजवल्या. मी कागदी कप हातात धरून मान झुकवली. टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं. काकू. रिकामा ट्रे छातीशी धरून त्या दारात उभ्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या मळ्यात शेवटचा कार्यक्रम. नानांनी फाट्यावरचा रसवंतीवाला यंत्रासकट उचलून आणला होता. झाडाखाली बाज, खुर्च्या, सरपंच, पाव्हणेरावळे, दहा मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेले. झाझानं पिशवीतून शिंग काढलं, ताज्या रसानं भरलं आणि नियम सांगितला. बूड नाही. खाली ठेवायचं नाही. घोट घ्यायचा, उजवीकडं द्यायचं, मागं नाही, टाळायचं नाही. मी भाषांतर केलं. लोक खूश. नाना सगळ्यांत खूश.

"आणि सुरुवात," झाझा म्हणाला, "मानाच्या माणसापासून. या घरात मानाचा कोण, ते मी काल बघितलंय."

त्यानं शिंग माझ्या हातात दिलं.

मी उजवीकडं बघितलं. उजवीकडं नाना होते.

मी घोट घेतला. चांगला मोठा घेतला, खोटं कशाला बोलू. चांदीची कड ओठांना गार लागली. मग मी शिंग नानांपुढं धरलं. मोबाइल चालू होते. नानांनी ते घेतलं.

चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू तसंच होतं, फक्त वाळलं होतं. "आधी सरांना द्या की," ते म्हणाले. "शिकलेलं मानूस."

झाझानं बोट हलवलं. उजवीकडं. टाळायचं नाही.

नानांनी शिंग बाजेवर टेकवून बघितलं. कलंडायला लागलं. स्टुलावर टेकवलं. तेच. ट्रॅक्टरच्या बॉनेटपर्यंत गेले. बॉनेटला उतार. हातातला रस हिंदकळतोय, माश्या गोळा होतायत, आणि सगळे मोबाइल त्यांच्यामागं फिरतायत.

संतोषनं मोबाइल खिशात घातला. पुढं आला.

"नाना, प्या."

नानांनी शिंग दुसऱ्या हातात घेतलं.

"म्या शब्द दिलाय नाना. तिथं, समद्यांसमोर."

"मला इचारलं हुतंस का?" नाना दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई. त्यालाबी कुनी इचारलं न्हाई कधी, कंच्या कपात पिनार म्हून."

नाना हलले नाहीत. संतोषही हलला नाही. झाझा हसऱ्या चेहऱ्यानं एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. आणि मी, भाषणांचा एवढा मोठा कारखाना, एक शब्द सुचेल तर शपथ!

काकू रसाचा जग घेऊन रसवंतीपाशी उभ्या होत्या. त्या बायकांच्या घोळक्यातून निघाल्या, पुरुषांच्या खुर्च्यांमधून वाट काढत आल्या, आणि नानांच्या हातातलं शिंग त्यांनी काढून घेतलं.

"हातात धरून काय हुबं ऱ्हायलाव? रस तापायलाय," त्या म्हणाल्या.

शिंग विसळलं नाही, पदरानं पुसलंही नाही. तोंडाला लावलं आणि रिकामं होईपर्यंत प्यायल्या. सरपंचांसमोर, मेव्हण्याच्या जावयासमोर, दहा मोबाइलांसमोर. मग जगातून पुन्हा काठोकाठ भरलं आणि नानांच्या हातात ठेवलं.

"घ्या," काकू म्हणाल्या. "आता माजं उष्टं हाय."